सातारा रस्त्यावर अडखळली, हुबळीत धावली. सांगली-मिरजेला बीआरटी जमेल का?

साताऱ्याहून पुण्याला निघालात की कात्रज ओलांडून तुम्ही शहरात शिरता. कात्रज ते स्वारगेट या पट्ट्याला पुणेकर 'सातारा रस्ता' म्हणतात. देशातली पहिली बीआरटी सुरू झाली ती याच रस्त्यावर, डिसेंबर २००६ मध्ये. आजही पुण्यात कुणाला बीआरटीबद्दल विचारा, बहुतेक जण आधी कपाळाला हात लावतात.

आता हाच महामार्ग उलट्या दिशेनं धरा. सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव करत पुढे गेलात की हुबळी-धारवाड लागतं. तिथे २०१८ पासून दोन शहरांमध्ये बीआरटी धावते.

या दोन टोकांच्या मध्ये, पेठ नाक्याला वळून आत गेलं की सांगली आणि मिरज. दोन शहरं, साधारण दहा किलोमीटरचं अंतर, एकच महापालिका. कॉलेजसाठी सांगली, दवाखान्यासाठी मिरज, कामासाठी कुपवाडची एमआयडीसी असा लोकांचा रोजचा राबता. त्यामुळे प्रश्न पडतोच, इथे बीआरटी चालेल का? आणि चालवायचीच म्हटलं, तर आखणी कशी करतात?

हे नीट समजून घेतलं पाहिजे. कारण एकदा चुकीचा रस्ता बांधला की बांधायचा खर्च एकदा होतो आणि उखडायचा पुन्हा होतो. भोपाळमध्ये २०२४ मध्ये बीआरटीची मार्गिका काढायला घेतली. दिल्लीत तर २००८ मध्ये सुरू झालेला आंबेडकरनगर-मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २०१६ मध्ये उखडला गेला.

बीआरटी म्हणजे नेमकं काय?

बीआरटी म्हणजे बस रॅपिड ट्रान्झिट. सोप्या शब्दांत, मेट्रोच्या सोयी बसला द्यायच्या. रूळ नाहीत, बोगदा नाही, पण बसचा रस्ता वेगळा.

आपल्याकडे बीआरटी म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त रेलिंग लावलेली बसची लेन येते. जगभरात मात्र पाच गोष्टी एकत्र असतील तरच त्याला बीआरटी म्हणतात.

पहिली, बससाठी स्वतंत्र मार्गिका. दुसरी, ही मार्गिका शक्यतो रस्त्याच्या मधोमध. कडेला ठेवली तर पार्किंग, रिक्षा, दुकानासमोर माल उतरवणारे टेम्पो आणि प्रत्येक गल्लीतून बाहेर येणारी गाडी बसला अडवते. तिसरी, तिकीट बसमध्ये चढण्याआधीच काढणं. चौथी, फलाट आणि बसचा तळ एकाच उंचीवर, म्हणजे पायरी न चढता थेट आत. पाचवी, चौकात बसला अडकून राहावं लागू नये अशी सिग्नलची आणि वळणांची रचना.

ही कल्पना ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९७४ मध्ये रुजली. तेव्हाचे महापौर जैमे लेर्नर हे पेशानं वास्तुरचनाकार होते. पुढे डिसेंबर २००० मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरात 'ट्रान्समिलेनियो' सुरू झाली आणि जगभरातल्या महापालिकांचे दौरे तिकडे सुरू झाले. भारतात २००९ मध्ये सुरू झालेली अहमदाबादची 'जनमार्ग' हे सगळ्यात जास्त चर्चेत आलेलं उदाहरण.

पाचपैकी एकच गोष्ट केली तर काय होतं? त्याचं उत्तर सातारा रस्त्यावर मिळतं.

सातारा रस्त्यावर काय झालं?

डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जेएनएनयूआरएम ही शहर विकासाची योजना आली आणि वर्षभरात पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर असा प्रायोगिक मार्ग सुरू झाला. रस्त्याच्या मधोमध बसची लेन आखली. पण बस त्याच जुन्या, डाव्या बाजूला दार असलेल्या. तिकीट आतच, कंडक्टरकडून. पायऱ्याही तशाच. लेन काही ठिकाणी सलग, काही ठिकाणी गायब. जिथे सलग होती तिथे दुचाकी आणि कार बिनदिक्कत घुसायच्या.

सगळ्यात मोठी अडचण होती चालणाऱ्यांची. थांबा रस्त्याच्या मध्ये गेला म्हणजे बस पकडणाऱ्या प्रत्येक माणसाला अर्धा रस्ता ओलांडावा लागणार. त्यासाठी सिग्नल, उंचवटा, थांबायला सुरक्षित जागा यांची सोय आधी करायला हवी होती. ती पुरेशी नव्हती. अपघात झाले, लोक चिडले आणि 'बीआरटी' हा शब्दच बदनाम झाला.

म्हणजे पुण्यानं पाचपैकी जेमतेम दीड गोष्ट केली आणि नाव मात्र पाचही गोष्टींचं दिलं.

पुढे पुणे आणि पिंपरी-चिंचवडनं यातून धडा घेतला. ऑगस्ट २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी आणि पाठोपाठ सांगवी-किवळे मार्ग 'रेनबो बीआरटी' या नावानं सुरू झाले. यात बंदिस्त स्थानकं होती, फलाट बसच्या उंचीचे होते आणि बसना उजव्या बाजूलाही दारं होती. फरक जाणवण्यासारखा होता. तरी पुण्याची वाट सरळ राहिली नाही. २०२३ मध्ये नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग काढून टाकण्यात आला.

दोन शहरांच्या हद्दीवर काय होतं?

शेजारच्या दोन गावांना जोडणारी बीआरटी आखताना सगळ्यात अवघड जागा असते ती हद्द.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचंच बघा. जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर दापोडी ते निगडी हा बीआरटी मार्ग ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाला. लेन बांधून कितीतरी आधी तयार होती, पण सुरक्षेचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला रस्ता ऐसपैस रुंद. पण मुळा नदीवरचा हॅरिस पूल ओलांडला की पुण्याची हद्द, बोपोडी आणि पुढे खडकी कॅन्टोन्मेंट. तिथे रस्ता अरुंद आणि बसची वेगळी लेन नाही.

निगडीहून पुण्याला जाणाऱ्या माणसाला हद्द कळत नाही. तो वेगळ्या लेनमध्ये जी दहा मिनिटं वाचवतो, ती पूल ओलांडल्यावर कोंडीत घालवतो. लेन हद्दीवर संपते, प्रवास संपत नाही.

बस चालवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र एक चांगली गोष्ट झाली. आधी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी अशा दोन संस्था होत्या. २००७ मध्ये त्या एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली. बस एकाची झाली, रस्ते मात्र वेगवेगळ्यांचे राहिले.

हुबळी-धारवाडनं वेगळं काय केलं?

हुबळी बाजारपेठ आणि रेल्वेचं जंक्शन. धारवाड विद्यापीठ आणि शाळा-कॉलेजांचं गाव. दोघांत साधारण वीस किलोमीटर. १९६२ मध्ये दोघांची मिळून एकच महापालिका झाली. सांगली-मिरजेच्या माणसाला हे वर्णन ओळखीचं वाटेल.

इथे बीआरटीसाठी वेगळी कंपनी काढली. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या शाश्वत शहरी वाहतूक प्रकल्पात तिचा समावेश झाला. जवळपास २२ किलोमीटरचा रस्ता रुंद केला, त्यासाठी जमिनी घेतल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये बस धावायला लागल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रीतसर उद्घाटन झालं. बसचं नाव 'चिगरी', म्हणजे कन्नडमध्ये हरीण.

दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, स्थानकांजवळ बसला बस ओलांडता येईल इतकी जागा ठेवली. त्यामुळे प्रत्येक स्थानकावर थांबणारी बस आणि थेट जाणारी बस अशा दोन्ही सेवा एकाच मार्गावर चालतात. दुसरी, तिकीट स्थानकातच मिळतं.

म्हणजे सगळं आलबेल आहे असंही नाही. पावसाळ्यात काही ठिकाणी मार्गिकेत पाणी साचल्याच्या तक्रारी झाल्या. बाकी वाहनांच्या वाट्याला रस्ता कमी पडतो, तेव्हा बसची लेन सगळ्यांना खुली करा, अशी मागणी धारवाडच्या बाजूनं होत राहिली. बीआरटी चांगली बांधली तरी ती टिकवण्यासाठी रोज भांडावं लागतं, हे हुबळीत दिसतं.

आता सांगली-मिरज. आधी काय मोजायचं?

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये एक महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. हुबळी-धारवाडची तेव्हाची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास. म्हणजे सांगली-मिरज साधारण निम्म्या आकाराची. आखणीतला पहिला आकडा हाच, आणि तो विसरून चालत नाही.

आखणी करणारे लोक आधी रस्ता बघत नाहीत, माणसं मोजतात. कोण कुठून निघतो, कुठे जातो, किती वाजता जातो आणि कशानं जातो? सांगली स्टँड, पुष्पराज चौक, मार्केट यार्ड, विश्रामबाग, विजयनगर, वानलेसवाडी, मिरज या पट्ट्यात सकाळी कॉलेजची मुलं असतात, विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयात कामासाठी आलेले तालुक्यांतले लोक असतात, मिरजेच्या सरकारी आणि मिशन हॉस्पिटलला निघालेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक असतात.

यातले बरेच जण शहर बसनं जातच नाहीत. रिक्षा, वडाप नाहीतर दुचाकी. त्यामुळे आज बसमध्ये किती लोक आहेत तेवढंच मोजलं तर उत्तर चुकतं. वडापमध्ये बसलेला माणूससुद्धा बसचाच प्रवासी आहे, फक्त त्याला वेळेवर बस मिळालेली नाही.

स्वतंत्र लेन कधी परवडते?

इथे एक साधा हिशोब करू. चौकाचौकाला थांबणाऱ्या शहरातल्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला साधारण ८०० ते १००० कार जातात असं धरा. एका कारमध्ये सरासरी दीड माणूस धरला तर तासाला १२०० ते १५०० माणसं.

आता तीच लेन बसला दिली. दर पाच मिनिटांना एक बस, एका बसमध्ये ६० माणसं. तासाला १२ बस, म्हणजे ७२० माणसं. कारच्या लेनपेक्षा कमी! वर लेन दिवसभर रिकामी दिसणार आणि शेजारच्या कोंडीत अडकलेला माणूस शिव्या घालणार. बीआरटीविरुद्धचा राग बऱ्याचदा इथूनच सुरू होतो.

बस दर तीन मिनिटांना आली तर तासाला २० बस आणि १२०० माणसं, म्हणजे बरोबरी. दर दोन मिनिटांना आली तर १८०० माणसं. त्यामुळे ढोबळ नियम असा निघतो. एका दिशेला तासाला वीस-पंचवीस भरलेल्या बस नसतील, तर सिमेंटची वेगळी लेन बांधायची घाई करू नये.

सांगली-मिरजेच्या बाबतीत यात एक जमेची बाजू आहे. या रस्त्यानं फक्त शहर बस जात नाही, बाहेरगावच्या एसटीही जातात. त्यांनाही ही लेन वापरू दिली तर बसची संख्या वाढते. पण मग एक नवी अडचण उभी राहते, दाराची.

बसचं दार कोणत्या बाजूला?

ऐकायला किरकोळ वाटतं, पण बीआरटीचा अख्खा आराखडा या प्रश्नावर ठरतो.

रस्त्याच्या मधोमध एकच स्थानक बांधायचं आणि दोन्ही दिशांच्या बस त्याच्या दोन बाजूंना लावायच्या, ही सगळ्यात कमी जागेत बसणारी रचना. पण मग बसचं दार उजवीकडे हवं. एसटीच्या लाल बसचं दार डावीकडे असतं. म्हणजे ती या स्थानकावर थांबूच शकत नाही.

दुसरा पर्याय, प्रत्येक दिशेसाठी बसच्या डाव्या हाताला वेगळा फलाट. मग कोणतीही बस थांबेल, पण फलाट दोन लागतील आणि रस्ता आणखी रुंद हवा. तिसरा पर्याय, शहर बससाठी दोन्ही बाजूंना दारं असलेल्या नव्या गाड्या घ्यायच्या आणि एसटीला लेनमधून न थांबता जाऊ द्यायचं.

फलाटाची उंचीही इथेच ठरवावी लागते. केंद्र सरकारच्या शहरी बसच्या निकषांत तळाची उंची ४००, ६५० किंवा ९०० मिलिमीटर अशी आहे. स्थानक ९०० चं बांधलं आणि बस ४०० ची आली, तर म्हाताऱ्या माणसाला आत उतरायला शिडी लागेल. म्हणून बसची खरेदी आणि स्थानकाचं बांधकाम यांचा निर्णय एकाच टेबलावर व्हावा लागतो.

रस्ता किती रुंद हवा?

बेरीज करून बघू. येण्या-जाण्याच्या बसच्या दोन लेन, प्रत्येकी साडेतीन मीटर, म्हणजे ७ मीटर. मधलं स्थानक साधारण ४ मीटर. बाकी वाहनांना दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन, मिळून १३ मीटर. दोन्हीकडे अडीच मीटरचे फुटपाथ, म्हणजे ५. सायकलसाठी दोन्हीकडे दोन-दोन मीटर, म्हणजे ४. दुभाजक, गटार, झाडं यांना एक-दोन मीटर. एकूण ३४ ते ३५ मीटर.

सांगलीत 'शंभर फुटी रस्ता' हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. शंभर फूट म्हणजे साडेतीस मीटर. म्हणजे ज्याला शहर रुंद रस्ता म्हणतं, त्यातही ही सगळी बेरीज बसत नाही.

मग काहीतरी कापावं लागतं. इथे आपल्याकडे हमखास एकच चूक होते, ती म्हणजे फुटपाथ कापला जातो. पण बसनं जाणारा प्रत्येक माणूस आधी चालतो आणि उतरल्यावर पुन्हा चालतो. फुटपाथ काढून बांधलेली बीआरटी म्हणजे जिना काढून बांधलेला दुसरा मजला. कापायचंच असेल तर आधी रस्त्यावरचं पार्किंग जातं. तरीही जागा पुरली नाही तर त्या तुकड्यात स्वतंत्र लेनचा हट्ट सोडून सिग्नलवर बसला आधी सोडायची सोय करावी लागते.

चौकात काय करायचं?

आपण डावीकडून गाडी चालवतो. बसची लेन मधोमध, म्हणजे बाकी गाड्यांच्या उजव्या हाताला. आता एखाद्या कारला चौकात उजवीकडे वळायचं असेल तर तिला बसच्या लेनसमोरून आडवं जावं लागतं. त्यासाठी सिग्नलला वेगळा वेळ द्यावा लागतो. असे चार बाजूंचे वेगवेगळे वेळ दिले की प्रत्येकाचं थांबणं वाढतं, बसचंसुद्धा.

म्हणून अनेक ठिकाणी मुख्य चौकात उजवं वळण बंद करतात. गाडी सरळ पुढे जाते, पुढे यू-टर्न घेते, परत येऊन डावीकडे वळते. पहिले दोन महिने लोक वैतागतात. पण सिग्नल चारऐवजी दोन टप्प्यांत संपतो आणि सगळ्यांचाच वेळ वाचतो.

स्थानकाकडे जाणारी वाट याच आराखड्याचा भाग असते. पादचारी पूल बांधून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. पण ऑपरेशन झालेला पेशंट किंवा कडेवर मूल घेतलेली बाई पुलाचे चाळीस-पन्नास जिने चढत नाही, ती गाड्यांमधून वाट काढते. त्यापेक्षा रस्त्यावरच उंचवट्याचा झेब्रा क्रॉसिंग, सिग्नल आणि मध्ये थांबायला जागा द्यावी. एका वेळी दोनपेक्षा जास्त लेन ओलांडायला लागू नयेत. सातारा रस्त्यानं हा धडा फार महागात शिकवलाय.

वेगाचा पैशांशी काय संबंध?

खूप जवळचा. सांगली-मिरज दहा किलोमीटर धरा. बस ताशी १२ किलोमीटरनं रखडली तर एका बाजूला ५० मिनिटं. दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं विश्रांती धरली तर पूर्ण फेरी ११० मिनिटांची. दर पाच मिनिटांना बस द्यायची तर २२ बस लागतात.

वेग २० झाला तर फेरी ७० मिनिटांची आणि बस लागतात १४. वेग २५ झाला तर फेरी ५८ मिनिटांची आणि १२ बस पुरतात.

सेवा तीच, दर पाच मिनिटांना बस. पण वेग वाढला की आठ-दहा बस, त्यांचे ड्रायव्हर, कंडक्टर, डिझेल नाहीतर चार्जिंग, हे सगळं वाचतं. किंवा त्याच २२ बसमध्ये जवळजवळ दुप्पट फेऱ्या देता येतात. बसला वाट मोकळी करून देणं म्हणजे नवीन बस विकत घेण्यासारखंच आहे.

पुराचं काय?

सांगलीत कुठलाही आराखडा कृष्णेला विचारल्याशिवाय करता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर लोक विसरलेले नाहीत. बस डेपो, चार्जिंगची जागा आणि वीज उपकेंद्र पूररेषेबाहेर हवं. इलेक्ट्रिक बस आल्या तर हे आणखी महत्त्वाचं.

मधोमध उंच फलाट आणि सलग कठडे बांधले की पावसाचं पाणी रस्त्याच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जात नाही, ते तिथेच तुंबतं. त्यामुळे गटारांचा आराखडा आधी आणि लेनचा नंतर, हा क्रम इथे पाळावाच लागेल.

आणि साताऱ्याचं?

सातारा शहराची लोकसंख्या २०११ मध्ये साधारण १ लाख २० हजार. २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूरसारखी उपनगरं शहरात आली. पण शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेलं, रस्ते अरुंद. राजवाडा ते पोवई नाका या पट्ट्यात ३५ मीटर कुठून आणणार?

साताऱ्याला बीआरटीची गरज नाही. त्याला हव्यात लहान आकाराच्या, ठरलेल्या वेळी येणाऱ्या बस, राजवाडा, पोवई नाका, एसटी स्टँड आणि गावाबाहेर माहुलीकडे असलेलं रेल्वे स्टेशन यांना जोडणाऱ्या. आणि थांब्यावर पार्किंग नको. मोठी योजना न करणं हाही आखणीतलाच एक निर्णय असतो.

मग सांगली-मिरजेनं करायचं काय?

दोन गोष्टी इथे पुण्यापेक्षा सोप्या आहेत. महापालिका एकच आहे, त्यामुळे मध्ये हॅरिस पुलासारखी हद्द नाही. आणि अंतर थोडं आहे. अवघड गोष्ट ही की बस एसटी महामंडळाची, सिग्नल पोलिसांकडे आणि रस्त्यांची मालकी वेगवेगळ्या खात्यांकडे विभागलेली. या सगळ्यांना बांधणारी एक समिती किंवा कंपनी आधी हवी.

त्यानंतरचा शहाणपणाचा क्रम साधारण असा. आधी दर पाच-सात मिनिटांना खात्रीची बस. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत तीन लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहरांचा विचार आहे आणि सांगली-मिरज-कुपवाड त्या निकषात बसतं. मग फुटपाथ आणि सावलीचे थांबे. मग जिथे बस सगळ्यात जास्त अडकते त्या दोन-तीन चौकांत बसला आधी सोडणारे सिग्नल. त्याच वेळी विकास आराखड्यात या पट्ट्याची रुंदी राखून ठेवायची, म्हणजे पुढे जमिनी घेताना घरं पाडायची वेळ येणार नाही. आणि तासाला वीस-पंचवीस बस भरून जायला लागल्या की मग स्वतंत्र लेन, स्थानकं आणि उजव्या दाराच्या बस.

या क्रमात एक फायदा आहे. कुठल्याही पायरीवर थांबावं लागलं तरी आधीचा पैसा वाया जात नाही. चांगला फुटपाथ आणि वेळेवर येणारी बस कुठलंही सरकार उखडून टाकत नाही. उखडली जाते ती रिकामी लेन.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी नेता तुमच्या शहरात बीआरटी आणायची घोषणा करेल, तेव्हा लेन किती किलोमीटरची हे विचारू नका. तीन प्रश्न विचारा. बस किती मिनिटांनी येणार? तिचं दार कोणत्या बाजूला असणार? आणि माझी आई थांब्यापर्यंत रस्ता कसा ओलांडणार? या तिन्हींची उत्तरं तयार असतील तर समजा, आखणी खरंच झाली आहे.